दंतविद्रधी

दंतविद्रधी : दाताच्या मुळाभोवती किंवा त्याला लागून असलेल्या हिरडीत व हाडात जंतुसंसर्गामुळे पू साचून होणाऱ्या गळवास दंतविद्रधी म्हणतात. बोलीभाषेत याचा उल्लेख ‘दाढेला पू होणे’, ‘हिरडीला गळू येणे’ किंवा नुसताच ‘दाढ सुजणे’ असा होतो. बहुतेक वेळा त्याचे मूळ उपचारांवाचून राहिलेल्या किडलेल्या दातात असते. हा विकार सर्व वयांत व समाजाच्या सर्व थरांत आढळतो. वेळीच उपचार केल्यास तो पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केल्यास मात्र संसर्ग चेहरा, मान, क्वचित मेंदू व छाती यांपर्यंत पसरून प्राणघातक ठरू शकतो. वेदना थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, ही गोष्ट या विकाराच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावी लागते.

कारणे व विकृतिविज्ञान : दाताचे सर्वांत बाहेरचे आवरण म्हणजे दंतवल्क हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या आत दंतिन हा काहीसा मऊ थर असतो आणि त्याच्याही आत, दाताच्या मध्यभागी असलेल्या पोकळीत, रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जा) असलेला दंतमगज असतो. ही पोकळी मुळातील अरुंद नलिकेवाटे मुळाच्या टोकापर्यंत गेलेली असते. तेथील सूक्ष्म छिद्रातून रक्तवाहिन्या व तंत्रिका आत शिरतात.

अन्नातील शर्करेवर तोंडातील जंतूंची क्रिया होऊन अम्ल तयार होते. दाताच्या पृष्ठभागावरील अम्लता वाढून पीएच मूल्य सुमारे ५·५ च्या खाली गेले म्हणजे दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. हे वारंवार घडल्यास खळगा पडतो, म्हणजे दात किडतो. कीड दंतिनात पोहोचल्यावर थंड व गोड पदार्थ झोंबू लागतात आणि मगजापर्यंत पोहोचल्यावर तेथे शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो. शरीराच्या इतर भागांत सूज आल्यास त्वचा व स्नायू ताणले जाऊन तिला जागा करून देतात. दंतमगज मात्र कठीण भिंतींच्या आत कोंडलेला असल्यामुळे सुजेचा दाब त्याच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर पडतो. रक्तपुरवठा खुंटून मगज मरतो. दाढेची असह्य ठणक काही दिवसांनी आपोआप थांबते, ती पुष्कळदा याच कारणामुळे. रुग्णाला दाढ बरी झाली असे वाटते. वस्तुतः तंत्रिका मेल्यामुळे वेदना थांबलेली असते व मृत मगज जंतूंच्या वाढीचे कोठार बनलेला असतो. तेथून जंतू व त्यांची विषे मुळाच्या टोकाशी असलेल्या हाडात उतरतात. शरीराच्या संरक्षक पेशी तेथे जमतात, हाड झिजते व पू साचतो.

मगजाच्या नाशास जंतूच कारणीभूत असतात, याचा प्रायोगिक पुरावा काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड या अमेरिकन संशोधकांनी १९६५ मध्ये दिला. त्यांनी उंदरांच्या दातांतील मगज मुद्दाम उघडा केला. सर्वसाधारण उंदरांत तो मरून मुळाशी विद्रधी झाले. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत मात्र तो जिवंत राहिला व जखमेवर दंतिनाचे नवे आच्छादन तयार झाले. विद्रधीतील संसर्ग सहसा एकाच जातीच्या जंतूचा नसतो. स्ट्रेप्टोकॉकस गटातील जंतूंबरोबरच ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणारे अनेक जंतू त्यात एकत्र आढळतात.

किडीखेरीज दाताला मार लागणे, दात तडकणे, हिरडीचा जुनाट रोग आणि अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरील हिरडीखाली अन्नकण अडकणे ही इतर कारणे होत. अनियंत्रित मधुमेह, कुपोषण, तंबाखूचे सेवन आणि प्रतिकारक्षमता कमी करणारे रोग वा औषधे यांमुळे संसर्ग लवकर पसरतो.

प्रकार : स्थानानुसार तीन मुख्य प्रकार मानतात. (१) मूलाग्र विद्रधी : हा मृत मगजापासून मुळाच्या टोकाशी होतो व सर्वांत जास्त आढळतो. (२) परिदंत विद्रधी : हिरडी व दात यांच्यामध्ये रोगामुळे पडलेल्या खोल कप्प्यात पू साचून हा होतो, यात दाताचा मगज जिवंत असू शकतो. (३) हिरडीचा विद्रधी : माशाचा काटा किंवा दातकोरणीचा तुकडा यांसारखी वस्तू हिरडीत रुतल्याने हा होतो व तो वरवरचा असतो. या तिहींचे उपचार वेगळे असल्यामुळे त्यांतील भेद ओळखणे महत्त्वाचे असते.

लक्षणे : तीव्र प्रकारात सतत ठणकणारी वेदना असते व ती कान, कानशील किंवा मान यांकडे पसरते. आडवे झाल्यावर ती वाढते. दात किंचित वर उचलल्यासारखा वाटतो आणि समोरच्या दाताचा स्पर्शही सहन होत नाही. हिरडी लाल होऊन सुजते, गाल फुगतो, जबड्याखालच्या लसीका ग्रंथी दुखतात व ताप येतो. पुवाला वाट मिळाली म्हणजे तोंडात खारट व दुर्गंधीयुक्त स्राव येऊन वेदना एकाएकी ओसरते.

जुनाट प्रकारात वेदना जवळजवळ नसते. हिरडीवर लहान पुटकुळी येते, ती फुटते, भरते व पुन्हा येते. ती पुवाच्या नाडीचे (अरुंद मार्गाचे) तोंड असते. क्वचित ही नाडी हनुवटीवर किंवा गालावर बाहेर उघडते. अशा वेळी रुग्ण त्वचेचा विकार समजून महिनोन्‌महिने मलमे लावीत राहतो. दोषी दातावर उपचार होईपर्यंत ती जखम भरत नाही.

निदान : दातावर हलकेच ठोकून, त्याचा हलतेपणा पाहून, हिरडीच्या कप्प्याची खोली मोजून आणि थंड पदार्थाचा किंवा सौम्य विद्युत् प्रवाहाचा स्पर्श जाणवतो की नाही हे पाहून निदान करतात. जिवंत मगजाला थंडावा जाणवतो, मृत मगजाला जाणवत नाही. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याची काळसर छटा दिसते. सुरुवातीच्या काही दिवसांत हाडातील बदल अल्प असल्यामुळे चित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून केवळ त्यावर विसंबून राहत नाहीत. गुंतागुंतीच्या वेळी त्रिमितीय संगणकीय चित्रण उपयोगी पडते.

उपद्रव : पू नेहमी कमीत कमी विरोधाच्या मार्गाने बाहेर पडतो. त्यामुळे कोणत्या दाताचा पू कोठे जाईल हे मुळाची लांबी व स्नायूंची स्थिती यांवर ठरते. वरच्या सुळ्याच्या विद्रधीने डोळ्याखाली सूज येते. वरच्या दाढांचा पू शेजारच्या ऊर्ध्वहनूतील (वरच्या जबड्यातील) हवेच्या पोकळीत शिरू शकतो. खालच्या दुसऱ्या व तिसऱ्या दाढांची मुळे तोंडाचा तळ तोलून धरणाऱ्या स्नायूच्या खालपर्यंत पोहोचत असल्यामुळे त्यांचा संसर्ग जबड्याखाली व मानेत उतरतो.

सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे जिभेखालच्या व हनुवटीखालच्या दोन्ही बाजूंच्या अवकाशांत झपाट्याने पसरणारा शोथ. व्हिल्हेल्म फ्रीड्रिख फोन लूटव्हिख या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये त्याचे वर्णन केले व त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. यात मानेचा वरचा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर व मागे ढकलली जाते, लाळ गिळता येत नाही आणि श्वासमार्ग बंद होऊन काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. प्रतिजैव औषधांच्या पूर्वीच्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. जंतू रक्तात पसरणे, मेंदूच्या तळाशी असलेल्या नीलेत रक्त गोठणे, मेंदूतील विद्रधी व छातीतील मध्यावकाशाचा शोथ हे इतर गंभीर उपद्रव होत.

तोंड दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे, आवाज बदलणे, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे वाढत जाणे, ताप व हुडहुडी आणि गुंगी यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास दंतवैद्याच्या भेटीची वेळ येईपर्यंत न थांबता रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

चिकित्सा : उपचारांची तत्त्वे दोन आहेत : साचलेला पू बाहेर काढणे आणि संसर्गाचे मूळ नाहीसे करणे. बाकीचे सर्व उपाय या दोहोंना साहाय्यक आहेत.

पूनिःसारण : हिरडीवरील सूज मऊ झाली असल्यास स्थानिक संवेदनाहरण करून लहान छेद घेतात व पू काढतात. संसर्ग मुळाच्या टोकापुरता मर्यादित असल्यास दाताला वरून छिद्र पाडून मगजनलिकेवाटेच पू काढता येतो. पुवाने अम्लीय झालेल्या भागात बधिर करणारे औषध नीट काम करीत नाही. म्हणून ते पुष्कळदा दूर, मुख्य तंत्रिकेपाशी टोचतात.

मगजनलिका उपचार : दात टिकवावयाचा असल्यास हा उपचार करतात. लोकांत तो ‘रूट कॅनाल’ या नावाने परिचित आहे. रबरी पडदा लावून दात लाळेपासून वेगळा करतात, मृत मगज काढून टाकतात, बारीक कानशींनी नलिका रुंद व साफ करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटाच्या विद्रावाने धुतात. आवश्यकतेनुसार काही दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. अखेरीस गटापर्चा या रबरासारख्या वनस्पतिज पदार्थाने नलिका बंद करतात. दाढ असल्यास तीवर टोपी बसवितात, कारण पोकळ केलेली दाढ चावताना फुटण्याचा संभव असतो. उपचारास एक ते तीन भेटी लागतात. झिजलेले हाड पुन्हा भरून येण्यास मात्र कित्येक महिने लागतात. पहिल्या एकदोन भेटींत वेदना थांबली म्हणून उपचार अर्धवट सोडल्यास तात्पुरते भरण झिजून जंतू पुन्हा आत शिरतात व विद्रधी उलटतो. उपचार अयशस्वी ठरल्यास तो पुन्हा करता येतो किंवा शस्त्रक्रियेने मुळाचे टोक छाटता येते.

दात काढणे : दात फार किडून त्याची भिंत उरली नसेल, हाडाचा आधार गेला असेल किंवा वारंवार भेटी देणे रुग्णास शक्य नसेल, तर दात काढणे हा निर्णायक उपाय ठरतो. त्यामुळे पुवाला वाट मिळते व संसर्गाचे मूळही जाते. ‘सूज असताना दात काढू नये’ ही समजूत सरसकट खरी नाही. योग्य रुग्णात दात लवकर काढल्याने सूज लवकर ओसरते. काढलेल्या दाताची जागा पुढे कवळी, दंतसेतू किंवा हाडात बसविलेला कृत्रिम दात यांनी भरता येते.

परिदंत विद्रधीत पू काढून हिरडीचा कप्पा व मुळाचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करतात. दुधाच्या दाताच्या विद्रधीकडे ‘तो पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे चूक असते, कारण त्याच्या मुळाखाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते.

औषधे : प्रतिजैव औषधांविषयी सर्वत्र गैरसमज आढळतो. औषध रक्तावाटे पोहोचते. मृत मगजात रक्तप्रवाहच नसतो आणि पुवाच्या पोकळीतही ते पुरेसे शिरत नाही. त्यामुळे केवळ गोळ्यांनी सूज काही काळ दबते, विद्रधी बरा होत नाही. ताप, पसरणारी सूज, लसीका ग्रंथींची वाढ किंवा मधुमेहासारखा विकार असल्यास अमॉक्सिसिलीन, मेट्रोनिडॅझोल इ. औषधे पूनिःसारणाच्या जोडीने देतात. पेनिसिलीन गटाची अधिहृषता (ॲलर्जी) असल्यास निराळे औषध निवडतात. दुकानातून एकदोन गोळ्या आणून घेण्याच्या सवयीने रोग लांबतो व औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन वापरतात. जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते. गरोदरपणातही विद्रधीवरील तातडीचे उपचार टाळीत नाहीत.

घरगुती उपायांपैकी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या उपकारक आहेत. लवंगेच्या तेलातील यूजेनॉलामुळे वेदना तात्पुरती कमी होते. पण ते वारंवार लावल्यास हिरडी भाजते. ॲस्पिरिनाची गोळी दाढेशी दाबून ठेवल्याने तोंडातील त्वचा जळते. गालाला बाहेरून कडक शेक देणेही योग्य नव्हे, कारण त्यामुळे पू त्वचेच्या दिशेने येऊन चेहऱ्यावर फुटण्याचा संभव असतो. घरी सुईने किंवा पात्याने गळू फोडणे धोक्याचे आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत दंतमूळगत रोगांत दंतनाडींचे वर्णन असून नाडी ज्या दाताशी निगडित असेल तो दात काढून तो भाग क्षाराने किंवा अग्नीने डागावा, असे सांगितले आहे. दाताची उपेक्षा केल्यास नाडी हनूचे हाड भेदते, हे निरीक्षणही तेथे आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दंतविद्रधी हा स्वतंत्र रोग म्हणून येतो; आतून व बाहेरून सूज, वेदना, दाह आणि फुटल्यावर पू व रक्त वाहणे ही त्याची लक्षणे दिली आहेत. वरचा दात हलत असला तरी काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने आंधळेपणासारखे विकार होतात, असा इशाराही सुश्रुतसंहितेत दिला आहे. रक्तस्राव थांबविण्याची साधने तुटपुंजी असलेल्या काळात ही सावधगिरी समजण्यासारखी आहे.

‘वरची दाढ काढली की दृष्टी जाते’ ही समजूत अद्याप रूढ आहे; परंतु तिला शारीरिक आधार नाही. दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या शाखा वाहून नेतात, तर दृष्टीचे कार्य दुसऱ्या तंत्रिकेकडे असते. उलट वरच्या दाताचा विद्रधी तसाच राहू दिल्यास संसर्ग नेत्रकोटरात शिरून डोळ्यास धोका पोहोचू शकतो. डोळ्याच्या भीतीने दात न काढणे हेच अशा रुग्णात डोळ्याला घातक ठरते.

आधुनिक काळात प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने दंतवैद्यकास शास्त्रीय बैठक दिली. १८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइडाचा दात काढताना उपयोग केला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला व पुढच्याच वर्षी दातांची क्ष-किरण चित्रे घेण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आणि १९४३ मध्ये लिडोकेन तयार करण्यात आल्यानंतर वेदनारहित उपचार सर्वसामान्य झाले. भारतात आर्. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंतवैद्यक महाविद्यालय १९३३ पासून व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून कार्य करीत आहे. दंतवैद्यांच्या नोंदणीसाठी १९४८ मध्ये कायदा झाला. त्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

प्रतिबंध व महाराष्ट्रातील स्थिती : कीड टाळणे व लागलेली कीड खळगा लहान असतानाच भरून घेणे हाच विद्रधीचा खरा प्रतिबंध होय. पाण्यातील फ्ल्युओराइडाचे अल्प प्रमाण दंतवल्कास बळकटी देते. ते जास्त झाल्यास दातांवर डाग पडतात व हाडे विकृत होतात. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथे १९४५ मध्ये नळाच्या पाण्यात सुमारे एक लक्षांश (दर लिटरमागे सु. १ मिग्रॅ.च्या दहापट) इतके नव्हे, तर दहा लक्षांत एक भाग, म्हणजे लिटरमागे सु. १ मिग्रॅ. फ्ल्युओराइड मिसळण्यास प्रारंभ झाला.

महाराष्ट्रात या बाबतीत दोन टोके दिसतात. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्ल्युओराइड जास्त आहे. याउलट कोकणातील धरणांत साठणारे पावसाचे पाणी सामान्यतः फ्ल्युओराइडाने गरीब असते. ठाणे जिल्ह्यातील बारवी धरण हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. उल्हास नदीची उपनदी असलेल्या बारवीवरील हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे असून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वसाहती व कारखाने यांच्या पाणीपुरवठ्याचा ते एक प्रमुख आधार आहे. बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील अशा पाण्यावर वाढणाऱ्या मुलांच्या दातांना पाण्यातून संरक्षण मिळेल अशी अपेक्षा करता येत नाही. त्यांना फ्ल्युओराइडयुक्त दंतधावनाचाच आधार घ्यावा लागतो.

उपचारांच्या उपलब्धतेतील अंतरही याच परिसरात स्पष्ट दिसते. रेल्वेमार्गावरील शहरांत खाजगी दंतवैद्य पुष्कळ आहेत व उल्हासनगर येथे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. धरणाच्या मागील डोंगराळ भागात, अंबरनाथ व मुरबाड तालुक्यांत, ठाकूर व कातकरी समाजांच्या विखुरलेल्या वाड्या व पाडे आहेत. दाढेसाठी शहर गाठावयाचे म्हणजे तेथील मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो. मगजनलिका उपचारासाठी दोनतीन फेऱ्या कराव्या लागत असल्यामुळे अशा रुग्णास एकाच भेटीत दात काढून घेणे सोयीचे वाटते. परंतु कीड वरवर असतानाच भरल्यास या दोहोंचीही गरज पडत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. कीड ओळखण्याची ही संधी वाड्यांवरील मुलांच्या दृष्टीने मोलाची आहे. श्वास किंवा गिळणे यांस अडथळा आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे.

दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दात घासणे, दोन जेवणांच्या मध्ये वारंवार गोड खाणे टाळणे, बाळाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून त्यास झोपविण्याची सवय न लावणे, मिश्री व तंबाखू वर्ज्य करणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि वर्षातून एकदा दात तपासून घेणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत. मिश्रीने दात दुखायचा थांबतो असे वाटते; पण तिच्यातील तंबाखूमुळे हिरड्यांचा रोग बळावतो व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ठणकून आपोआप शांत झालेली दाढ दुखत नसली तरी दंतवैद्यास दाखविणे, हा या विकाराच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त व सर्वांत कमी पाळला जाणारा नियम आहे.